छातीवर सोड्याची बुचं

त्या गावाची आठवण निघाली की निवृत्तीनंतरही माझं डोकं तापतं. गाव मोताळा तालुक्यातलं. नाव लिहीत नाही. वाचतील तेव्हा त्यांचं त्यांना कळेल.

सकाळी ठाण्यात हजेरी चालू असताना फोन आला. पलीकडे त्या गावचे पोलीस पाटील होते. "सायब, नकली पोलीस पकडला. एका म्हातारीची सोन्याची पोत नेली त्यानं. लवकर या, पब्लिक लय तापली हाय."

त्या काळात आमच्या भागात तोतया पोलिसांनी उच्छाद मांडला होता. 'पुढे खून झालाय, दागिने काढून पुडीत बांधा' म्हणायचं, खड्यांची पुडी हातात द्यायची आणि पसार व्हायचं. स्टेशन डायरीला नोंद करून मी हवालदाराला घेऊन निघालो.

पारावर लिंबाला बांधलेला माणूस पाहिला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. साठीचा बहुरूपी होता तो. अंगात ढगळ खाकी कोट, छातीवर पदकं म्हणून सोड्याच्या बाटल्यांची बुचं, कमरेला लाकडी पिस्तूल. उजवा डोळा सुजून बंद झालेला, एक हात लोंबकळत होता. आमच्याकडे बहुरूपी पिढ्यान्‌पिढ्या पोलिसाचं सोंग घेऊन येतात. 'लग्नाला बोलावलं नाही, चला चौकीवर' म्हणत खोटी अटक करतात, लोक हसतात. काही दिवस सोंगं करायची आणि शेवटच्या दिवशी साध्या कपड्यांत येऊन दाणे न्यायचे, असा रिवाज. ज्याला पोत लांबवायची आहे तो छातीवर बुचं लावून येईल का? एवढी साधी अक्कल त्या गर्दीत एकालाही नव्हती.

हवालदाराने त्याला सोडवलं. पंचांसमोर झडती घेतली. कोटात विड्यांचं बंडल आणि आधार कार्ड निघालं, पोत नाही.

"साथीदाराजवळ देल्ली असन," एक तरुण म्हणाला. काठी अजून त्याच्या हातात होती.

"तू पाहिलंस?"

"पाह्याचं काय त्यात, सायब? कपडेच सांगतात ना!"

मी पोलीस पाटलांना बाजूला घेतलं. "तुम्ही याला ओळखत नव्हता?"

"ओयखत होतो ना. दरसाली येते. परवाच त्यानं मले अटक केलती." ते मान खाली घालून म्हणाले, "पण पब्लिकपुढं काय बोलाव?"

पब्लिकपुढं! पारावरची सगळी पांढरी डोकी त्याला ओळखत होती आणि मार पडताना सगळी मुकी झाली होती. मारणारे मूर्ख होते. पण जाणते गप्प बसले, त्यांचा राग मला जास्त आला आणि तो अजून उतरलेला नाही.

जखमीला गाडीतून दवाखान्यात पाठवलं आणि मी म्हातारीच्या घरी गेलो. ज्याचं गेलं त्याला आधी विचारावं, हा तपासाचा पहिला धडा. गावाने तेवढंही केलं नव्हतं. आजी रिकाम्या गळ्यावरून हात फिरवत बसल्या होत्या.

"आजी, पोत नेणाऱ्यानं काय घातलं होतं?"

"पांढरा कडक सदरा, चकचकीत बूट. फटफटीवर आलता. म्हणे, साध्या कपड्यातला पोलीस हाओ. चांगल्या घरचा दिसला बाप्पा, म्हून म्या पोत काढली. तो गेल्यावर पुडी सोडली त खडे! मंग म्या वरडली, पोलिसानं पोत नेली."

"खाकी कोट नव्हता?"

"खाकी कोट त बहुरूप्याचा." त्यांनी कोपऱ्यातल्या ज्वारीनं भरलेल्या सुपाकडे बोट दाखवलं. "उद्या येईन तो दाणे न्यायले. काऊन, त्याले काय झालं?"

मी जबाब लिहून घेतला. आजींनी 'पोलीस' म्हटलं आणि गावाने समोर दिसलेली खाकी धरली, एवढाच काय तो गावाचा पुरावा.

फाट्यावरच्या हॉटेलवाल्यानेही तो पांढरा सदरा पाहिला होता. गावात एकटी म्हातारी माणसं कुठं राहतात, असं त्याने विचारलं, आणि हॉटेलवाल्याने खुर्ची पुसून बसवून सगळं सांगितलं! वर्णन वायरलेसवर दिलं. दुपारी नांदुऱ्याजवळ नाकाबंदीत तो सापडला. आधी मी विमा एजंट आहे म्हणाला, पोत बुटातून निघाल्यावर कबूल झाला. "साहेब, कपडे इस्त्रीचे असले की कोणी काही विचारत नाही," असं निर्लज्जपणे सांगत होता. दुर्दैव असं, की त्याचं खरं होतं.

मारहाण करणाऱ्यांवर गुन्हा नोंदवला, तेव्हा गावची मोठी माणसं ठाण्यात आली. "पोरं हायेत, सायब. जिंदगी खराब होईन त्यायची."

"त्याचा डोळा गेला. तो कोण भरून देणार?" मी विचारलं. खुर्च्या सरकल्या, मंडळी उठली. मी दोषारोपपत्रातून एकही नाव वगळलं नाही.

अनोळखी माणसावर संशय घेऊ नका, असं मी म्हणणार नाही. जरूर घ्या. पण त्याला विचारा, त्याचं कार्ड बघा, आम्हाला फोन करा. बहुरूप्याचं आधार कार्ड सारा वेळ त्याच्या खिशात होतं, आणि हात घातला तो फक्त त्याच्या गळपट्टीला.

मी गाडीतून उतरलो तेव्हा तीच गर्दी दुभंगून मला वाट देत होती. माझ्याही अंगात खाकीच होती. मी खरा की खोटा, कोणी विचारलं नाही. दोरी सोडल्यावर त्या बहुरूप्याने मात्र उरलेल्या एका डोळ्याने मला खालीवर न्याहाळलं आणि पुटपुटला, "तुमी त खरे पोलीस हा ना, सायब?"

मी खिशातून ओळखपत्र काढून त्याच्यासमोर धरलं. त्या गावात ते मागणारा तो एकटाच होता.