सावलीतलं काम

बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा बाबांनी सगळ्या वस्तीला एकच गोष्ट सांगितली होती, "माही पोरगी सावलीत बसून खाईन." आमच्या घरच्या बायका रोवण्याला जायच्या. आषाढात दिवसभर चिखलात वाकून धानाची रोपं लावायची, पाठीवर कधी पाऊस, कधी ऊन. सौंदडकडच्या तिच्या सासरी मात्र बायका बिड्या वळत होत्या. चिखल नाही, वाकणं नाही, ऊन तर नाहीच नाही. आई रडता रडता हसली होती, आणि मला बाईचा चक्क हेवा वाटला होता. मोठ्या बहिणीला मी बाई म्हणते.

बिडीच्या कामाचं उन्हाशी वाकडं असतं. तेंदूची पानं भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवतात. ऊन किंवा वारा लागला की पान कडक होतं, वळताना फाटतं, आणि फाटकी बिडी ठेकेदाराचा माणूस बाजूला फेकतो. म्हणून खिडकीला पोतं, दार लोटलेलं, आणि आतल्या कोपऱ्यात मांडीवर सूप घेऊन बाई. सुपात पानं, तंबाखू, दोरा, कैची. सकाळचा स्वयंपाक आटोपला की दिवेलागणीपर्यंत ती त्याच जागी. माहेरी आली की बाया तिच्या गालाला हात लावून म्हणायच्या, "काय व, किती उजळली!" बाई लाजायची. आता ते बोलणं आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

पावसाळ्यात तिची कंबर आणि मांड्या दुखायच्या. पहिली काही वर्षं ती कार्तिकात सगळ्यांबरोबर धान कापायला वावरात जायची, आणि कापणी संपेपर्यंत तिला बरं वाटायला लागायचं. सगळे म्हणायचे, पावसाळी वात आहे, थंडी पडली की जातो. थंडीने काही जात नव्हतं. ती उन्हात जात होती म्हणून दुखणं जात होतं, पण हे कोणाच्या डोक्यात येणार? पुढे तिचा हात बिड्यांवर असा काही बसला की कापणीलाही तिला कोणी नेईना. "तिचा हात चालते, तिले कायले वावरात नेता?" सासू कौतुकाने म्हणायची. सासू वाईट नव्हती, हे सांगितलंच पाहिजे. वाईट असती तर मला भांडायला सोपं गेलं असतं.

मग दुखणं बारमाही झालं. उन्हाळ्यात आमच्याकडे ऊन आग ओकतं, तेव्हा बाहेर कोण बसतं? पावसाळ्यात आभाळ. हिवाळ्यात दार लावून, शाल पांघरून तेच काम. बाई जमिनीवरून उठताना आधी हात टेकायची, मग भिंत धरायची. चालताना इकडून तिकडे झुलायची. घरातली पोरं तिच्या मागे बदकाची नक्कल करायची आणि तीही त्यांच्याबरोबर हसायची.

मागच्या साली पोळ्याच्या सुमारास ती न्हाणीच्या पायरीवरून उतरत होती. धड पडलीसुद्धा नाही. पाय जरा सरकला आणि ती भिंतीला धरून खाली बसली, तेवढ्यात खुब्याचं हाड मोडलं. गाडी करून तिला गोंदियाला, मी राहते तिथे, आणलं. ऑपरेशन झालं, आत सळी बसवली. रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरने विचारलं, "धूप में बैठती नहीं क्या?"

माझं डोकंच फिरलं. मे महिन्यात जिथे डांबर पायाला चिकटतं तिथे हा माणूस उन्हाची विचारपूस करतो! मी म्हटलं, "हमारे यहाँ धूप की कमी है क्या?" तो रागावला नाही. अंगावर ऊन पडल्याशिवाय व्हिटॅमिन डी पुरेसं तयार होत नाही, भात-भाजीतून ते मिळत नाही, आणि वर्षानुवर्षं ते न मिळाल्याने हाडं मऊ पडली आहेत, असं त्याने नीट समजावलं. दर आठवड्याला दुधातून त्याची पावडर घ्यायची, पण इतकी जुनी कमी नुसत्या पावडरीने भरणार नाही, म्हणून रोज अकराच्या पुढे बाहेर उन्हात बसायचं. हिवाळा हातात आहे, म्हणाला. पुढच्या पावसाळ्याच्या आत हाडं भरली नाहीत तर हा पाय भार घेणार नाही. मी राईस मिलच्या ऑफिसात बसते, जाता-येता स्कूटीवर डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फमध्ये. त्याने माझंही रक्त तपासलं, मीही कमीच निघाले. तेव्हा मला हसू आलं होतं.

दिवाळीपर्यंत बाई माझ्याकडे होती, मग सासरी गेली. मी फोन करून विचारायचे आणि भाऊजी सांगायचे, "अकरा वाजले का तिले उचलून खाटेवर बाहेर बसवून राहिलो. तू कायले फिकर करते?" पावडर सुरू होती, दूधही घेत होती. तरी पाय टेकवला की बाई ओरडायची. हाडाला वेळ लागतो, असं मी मनाला सांगत राहिले.

शिवरात्रीला मी गेले. बाई खरंच अंगणात होती. खाटेवर गोधडीत पाय घालून बसलेली, मांडीवर सूप. आणि खाटेवर मांडव. चार बांबू, वर हिरवी जाळी आणि जाळीवर धानाची तनीस, म्हणजे वाळका पेंढा, चांगली जाड.

"हा मांडव काऊन?" मी विचारलं.

"पानं वाळतात ना उन्हानं," भाऊजी म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर शाबासकीची अपेक्षा होती. "आता बाहेर बसणं बी होते अन् पानायले ऊन बी लागत नाही."

अख्खा हिवाळा. रोज न चुकता त्या भल्या माणसाने बायकोला उचलून बाहेर आणलं होतं आणि रोज सावलीत ठेवलं होतं. मी स्टुलावर चढले, तनीस खाली ओढली, जाळी फाडली. सासू, भाऊजी, कोणी मला अडवलं नाही. ऊन सरळ खाटेवर आलं.

"अवं, पानं!" बाई किंचाळली. तिने डोक्यावरचा पदर ओढला आणि सुपावर पसरला. पानं झाकली गेली. तिची मान आणि दंड उघडे पडले, मुळ्यासारखे पांढरे. मी तिथेच उभ्या उभ्या रडले. भाऊजी ओट्यावर बसले आणि हळूच म्हणाले, "मले वाटलं, बाहेर म्हणजे बाहेर."

त्यानंतर होळीपर्यंत तिने ऊन घेतलं, बिनसुपाचं. मग ऊन असं तापलं की खाट आत न्यावी लागली. मग पावसाळा आला. पायाने काही भार घेतला नाही. डॉक्टरने पावडर चालू ठेवायला सांगितली आणि पुढच्या हिवाळ्यात बघू म्हणाला.

बाईच्या कोपऱ्यात आता तिची मुलगी सूप घेऊन बसते. या आषाढात मी गेले असताना शेजारीण आली आणि पोरीकडे बघून म्हणाली, "आईवर गेली व, किती उजळ!"

खाटेवरून बाई म्हणाली, "उद्यापासून रोवण्याले जाय."

पोरगी हसली. आई थट्टा करते आहे असं तिला वाटलं. "मी कायले? काळी पडीन ना."

"काळी पड," बाई म्हणाली. "पर उभी राय."

असा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

सकाळी पोरगी तोंड फुगवून बायांबरोबर वावराकडे गेली. घरात आदल्या संध्याकाळी भिजवलेला पाला पडून होता, तो सडून गेला असता. बाईने मला सूप मागितलं. मी नाही म्हटलं. तिने परत मागितलं. पाठीला दोन उशा लावून तिने ते पोटावर घेतलं, आणि हात चालू झाले, पहिल्यासारखेच भराभर.

बाहेर पावसाने उघडीप दिली होती. दारातून उन्हाचा एक पट्टा खाटेपर्यंत आला होता.

"दार लोट व," ती मान वर न करता म्हणाली. "पानं वाळतात."

मी दार लोटलं.