सहावा पुंकेसर

मोहिनीला माणसांपेक्षा कळ्यांची नाती जास्त कळत. धुळ्याच्या कॉलेजात ती शिकवायची, केळीच्या फुलात पाच पुंकेसर, हळदीच्या फुलात एक, कर्दळीत तर अर्धाच. उमललेली फुलं पाहून यांना कोणी सोयरे म्हणणार नाही. पण अगदी कोवळ्या कळीत सगळ्यांच्या पुंकेसरांच्या सहा जागा सारख्याच मांडलेल्या असतात. मग कोणाची पाकळी होते, कोणी जिरतो. कोण कधी जिरला, त्यावरून घराणं कुठे फुटलं ते कळतं.

केळीचा सहावा जिरण्याआधी तिला पकडायचा होता. चोपड्याकडच्या शिवारातली केळी कापून ती थकली. दरवेळी उशीर झालेला. उरली एकच आशा, माहेरच्या परसातली रानकेळ; रानकेळीत सहावा उशिरा जिरत असावा, असा तिचा कयास. ही केळ तिच्या भावाने, योगराजने, सातपुड्यातून आणून लावली आणि त्याच वर्षी तो अपघातात गेला.

"इले हात लावू नको," माय भिकुबाई म्हणाली. "आखाजीले त्यानी घागरवर इनंच फळ ठेवसू." आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, पितरांची घागर भरायचा दिवस.

घड भरघोस यावा म्हणून भिकुबाई बुडातली पिल्लं, म्हणजे नवे कोंब, येतील तशी विळ्याने कापत होती. केळीवाल्यांची रीतच ती. त्यामुळे त्या केळीमागे दुसरी केळ नव्हती. मोहिनीला हे ठाऊक होतं. तरीही माय मुक्ताईनगरला दर्शनाला गेल्याचं पाहून तिने कुदळ घेतली. फूल आधी जमिनीलगत गड्ड्यात धरतं, म्हणून गड्ड्यासकट केळ उपटली. दगडाचं काळीज म्हणतात ते हेच.

सूक्ष्मदर्शकाखाली नुसती पानंच पानं निघाली. केळीने अजून फूल धरलंच नव्हतं.

भिकुबाई परतली. खड्डा पाहून त्याच्या काठाशी बसली. म्हणाली, "तुले जे पाहिजे व्हतं ते सापडनं का?"

"हां माय, सापडनं."

"मंग मना योगराज कामले उना. माले दखाड."

मोहिनीने शिवारातल्या कुठल्याशा केळीच्या कळीचा काप लावलेली जुनी काच सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. म्हातारीने डोळा लावला, पाहून डोळे पुसले आणि काच मागून घेतली. मोहिनीला नाही म्हणता आलं नाही.

आखाजीला भिकुबाईने पितरांची घागर भरली. वर आंबा ठेवला, आंब्याशेजारी ती काच.

"हात जोड तुना भाऊले," ती म्हणाली.

मोहिनीने जोडले.