गावठाणाला लागून

बिल्डिंग बांधून झाली की साइटवर तीन गोष्टी उरतात. तुटक्या विटा, सिमेंटची रिकामी पोती आणि किस्से. विटा कुणीतरी न्हाणीला लावतं, पोती कुणीतरी छपरावर घालतं. किस्से मात्र कुणी नेत नाही, ते आमच्यासारख्यांच्या घरी येऊन पडतात. चार निवृत्त आर्किटेक्ट चहाला जमले की मग एकेक बाहेर निघतो!

माझ्याकडे सगळ्यात जास्त साठलेत ते एकाच कामाचे. सत्तरचं दशक संपत आलं होतं. नवी मुंबईत जिथेतिथे चार मजली ब्लॉक उभे राहत होते. आमच्या वाट्याला मात्र वेगळं काम आलं. बेलापूरकडे खाडीकाठी एक जुनं गाव होतं. (नाव सांगत नाही, तिथली माणसं मला अजून हळदीला बोलावतात!) त्याच्या अगदी लगत साठ घरं बांधायची होती. निम्मी गावातल्या वाढलेल्या कुटुंबांना, निम्मी मुंबईहून येणाऱ्या नोकरदारांना. आणि नवी घरं त्या गावातलीच वाटली पाहिजेत, असा आमच्या करमरकर साहेबांचा हट्ट होता. हेड ऑफिसचं म्हणणं सरळ होतं, "जमलं तर ठीक, नाहीतर तिथेही ब्लॉक." म्हणजे आम्ही चुकलो असतो तर ते अख्खं गाव चार मजल्यांच्या मागे झाकलं गेलं असतं.

टीम म्हणजे करमरकर साहेब, ड्राफ्ट्समन खोत आणि कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली मी.

*

पहिल्या दिवशी आम्ही टेप घेऊन गावात शिरलो आणि दहा मिनिटांत पन्नास माणसं गोळा झाली. चेहरे कडक. त्यांचं काही चूक नव्हतं. शेतं गेली, मिठागरं गेली, आणि दर वेळी सुरुवात टेपनेच झाली होती.

पोशा पाटील पुढे आले. गावात त्यांचा शब्द चालायचा. आवाज असा, की समोरचा आपोआप दोन पावलं मागे जायचा.

"कनाला मापताव?"

साहेब मागे सरले नाहीत. म्हणाले, "पाटील, तुमची घरं बघून नवी घरं काढायचीत. गावातला एक दगड हलणार नाही."

पाटलांनी टेपचं टोक आपल्या हातात घेतलं.

"टेप तुमचा. टोक माजे हातान!"

पुढचा महिनाभर पाटील रोज सकाळी हजर. त्यांनी टोक धरायचं, खोतांनी आकडा वाचायचा, मी लिहायचा. नकाशा काढायला बसलो तेव्हा सगळं झकास जुळलं. फक्त पाटलांच्या शेजाऱ्याचं अंगण दीड फूट कमी भरत होतं! या शेजाऱ्याशी पाटलांचं वीस वर्षं बोलणं नव्हतं.

खोतांनी भीत भीत विचारलं. पाटील शांतपणे म्हणाले, "बराबर हाय. तोच उगाच मोठा सांगतो!"

*

गावातली मुख्य गल्ली मधेच एकदम वाकडी व्हायची. ना तिथे विहीर, ना देऊळ. मी नामीबायला विचारलं. ही पाटलांची चुलती. सत्तरी उलटलेली, पण डोक्यावर मासळीची पाटी घेऊन माझ्यापेक्षा भरभर चालायची.

"आंबा व्हता तिथं."

"कुठाय?"

"माजे सासऱ्यान तोडला."

"मग गल्ली सरळ का नाही केली?"

"बाय, लोकांचे पायांना कोन सांगनार?"

हे ऐकून साहेब इतके खूश झाले, की नव्या गल्लीलाही त्यांनी तसंच एक वळण दिलं. प्लॅन हेड ऑफिसला गेला. तिथले मोठे साहेब सहा फूट दोन इंच उंच, आणि चष्म्यावरून बघायची सवय.

"करमरकर, रस्ता इथे वाकडा का?"

"आंबा आहे, सर."

"मी साइट पाहिलीय. तिथे एक झुडूपही नाही!"

"लावायचाय, सर!"

*

याच मोठ्या साहेबांनी आमच्या घरांची ओटी खोडली. तांबड्या पेन्सिलने फुली आणि शेजारी शेरा, 'जागा वाया.' करमरकर साहेबांनी वाद घातला नाही. एका दुपारी त्यांना जीपमध्ये घालून गावात आणलं आणि पाटलांच्या ओटीवर बसवलं.

चहा आला. एका बाजूला जाळं विणणं चाललं होतं, दुसऱ्या बाजूला न्हावी एकाची दाढी करत होता, आणि मधोमध दोन घरची माणसं सोयरीक ठरवत बसली होती. मोठे साहेब आधी ऐकत होते, मग बोलायला लागले, मग मुलाकडच्यांच्या बाजूने भांडायला लागले! दीड तासाने ड्रायव्हर आला.

"साहेब, मीटिंग आहे."

"थांब रे! अजून तारीख ठरायचीय!"

आठवड्याने फाइल परत आली. तांबड्या फुलीवर नवा शेरा होता. 'ओटी ठेवावी. पाय मावत नाहीत, रुंदी सहा इंच वाढवावी.'

*

हा किस्सा आमच्या फजितीचा. जमिनीवर चुन्याची फक्की टाकून आम्ही घरांच्या रेषा आखल्या. दुसऱ्या सकाळी चौदा नंबरच्या घराच्या रेषा पुसलेल्या. पुन्हा आखल्या, पुन्हा पुसलेल्या. चार दिवस हेच. खोतांचा तर वॉचमनवर संशय!

पाचव्या दिवशी साहेब स्वतः सकाळी जाऊन उभे राहिले. भरती होती, होड्या आल्या होत्या. खाडीकडून बायका ओळीने आल्या, डोक्यावर पाट्या, आणि सरळ चौदा नंबरच्या हॉलमधून, किचनमधून, संडासातून पलीकडे गेल्या. आमच्या रेषेकडे एकीनेही बघितलं नाही. ओल्या पावलांना फक्की चिकटून चालली होती.

साहेब म्हणाले, "खोत, लाइन चुकलीय."

"कुणाची, साहेब?"

"आपली."

चौदा नंबर रद्द झालं. साठाची एकोणसाठ घरं झाली. पाटलांनी त्या दिवशी पहिल्यांदा आम्हाला जेवायला थांबवलं.

*

एक नमुन्याचं घर बांधून आम्ही गावातल्या बायकांना बघायला बोलावलं. सगळ्या फिरून आल्या आणि पदराआड एकमेकींत कुजबुजायला लागल्या. साहेब म्हणाले, "अहो, काहीतरी बोला ना!"

नामीबाय म्हणाली, "घर बेस हाय. पन रांधायचा कुठं?"

मी तिला किचन दाखवलं.

"यो? मना वाटला देवघर!"

मग तिने तिथे बसून दाखवलं. मोरळी मांडली, म्हणजे मासे चिरायची विळी. एका बाजूला पाटी, एका बाजूला पाण्याचं भांडं. तिचे पाय दाराबाहेर! साहेबांनी कोट काढला, पँट वर केली आणि स्वतः मोरळीवर बसले. "माप घ्या, खोत!" माप मिळालं आणि साहेबांचा अंगठाही कापला.

मागच्या दारी चार फूट जागा वाढली. खोतांनी प्लॅनवर सुंदर अक्षरात लिहिलं, 'मावरा साफ करण्याची जागा.' मावरा म्हणजे मासळी, एवढं गावात राहून आम्हाला कळायला लागलं होतं. हेड ऑफिसला नव्हतं. टाइप केलेलं पत्र आलं, 'सदर श्री. मावरा यांना स्वतंत्र जागा कोणत्या नियमाखाली दिली, याचा खुलासा करावा!'

*

माणसं राहायला आली. दादरहून आलेले देवधर बँकेत होते, पक्के शाकाहारी, स्वभावाने चांगले. चार घरांत मिळून एक अंगण ही कल्पना काही त्यांना पचेना.

"मॅडम, कॉमन म्हणजे नक्की कुणाचं?"

"सगळ्यांचं."

"म्हणजे कुणाचंच नाही!"

रविवारी त्यांनी चार खांब रोवले आणि आपल्या वाट्याला तीन पदरी तार ओढली. सोमवारी ऑफिसातून परत आले तर तिन्ही तारांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोंबील वाळत घातलेले! समोर शेजारच्या घरात राहायला आलेली नामीबाय उभी, डोळे भरून आलेले.

"बाबा, चार दिस झाले, बोंबलांची दांडी कुठं बांधू त्या घोरान व्हते. तुला न सांगता समजला!"

देवधर नाकाला रुमाल लावून म्हणाले, "त्यात काय एवढं, आजी!"

*

ऐंशीचं दशक निम्मं उलटलं. घरांचे रंग उडाले, ओट्या चढल्या-उतरल्याने गुळगुळीत झाल्या, भिंतींवर लग्नाच्या हळदीचे हात उमटले. एके दिवशी दिल्लीहून एक प्रोफेसर जुनी गावं बघायला आले. ऑफिसने त्यांना आमच्याबरोबर धाडलं. आम्ही त्यांना गाव दाखवलं आणि म्हटलं, आता आमचं काम दाखवू. पण ते आमच्या आधीच पुढे गेले होते आणि एका घरासमोर उभे राहून फोटोवर फोटो काढत होते. पाटलांचा मुलगा राहायचा ते घर. खोतांनी त्याचं ड्रॉइंग तीनदा खोडून चौथ्यांदा काढलं होतं.

ओटीवर पोशा पाटील बसले होते. प्रोफेसरांनी विचारलं, "बाबा, यह घर किसने बनाया?"

साहेबांनी बोलायला तोंड उघडलं. पाटलांनी त्यांच्याकडे बघितलं, मग प्रोफेसरांकडे.

"कौन बनायेगा? हमीच!"

"कोई आर्किटेक्ट नहीं था?"

"वो हमारे में नहीं होता!"

प्रोफेसर आमच्या साहेबांकडे वळले. चेहरा आनंदाने नुसता फुललेला. म्हणाले, "देखिए करमरकर! आप शहरवालों को इन लोगों से सीखना चाहिए!"

"जी, सर," साहेब म्हणाले. "सीख रहे हैं."

प्रोफेसरांना बेलापूरला सोडलं. परतीच्या वाटेवर तुर्भ्याला ट्रकांच्या रांगेत जीप अडकली, तेव्हा साहेब उतरले आणि समोरच्या दुकानातून पेढ्यांचा पुडा घेऊन आले. एक ड्रायव्हरला दिला, एक मला दिला.

मग पुडा मागच्या सीटकडे सरकवत म्हणाले, "खोत, तुम्ही दोन घ्या!"