माळकरी घरातलं माशाचं तेल

पिंपरीत औषधांचा नवा कारखाना निघाला, तिथे मी बाटल्यांना लेबलं चिकटवायचो. त्यामुळे अर्धं वैद्यक मला येतच होतं. उरलेलं लेबलावर छापलेलं असायचं.

म्हणूनच लग्नानंतर पाच महिन्यांत बायको गप्प झाली, तेव्हा मी डगमगलो नाही. ती मालवणची, बोलायला लागली की शेजारी काम सोडून ऐकायचे. इथे मात्र दिवसभर भिंतीला टेकून बसायची, जेवायची चिमणीएवढं. सासऱ्यांचं पत्र आलं : दिवाळीपर्यंत पोर सुधारली नाही, तर तिचा भाऊ येऊन घेऊन जाईल.

मी निदान केलं, जीवनसत्त्वं कमी पडलीत. मन-बिन सगळं थोतांड! यीस्टच्या गोळ्या आणल्या, लोहाचं टॉनिक आणलं, आणि वर कडी म्हणून शार्क माशाचं तेल. ती निमूट गिळायची. उदासी होती तिथेच राहिली, टॉनिकनं दात तेवढे काळे पडले.

एका सकाळी तेलाची बाटली माझ्याच हातून फुटली. घरमालकीण माळकरी, दर एकादशीला आळंदी गाठणारी. घरात मासळी आणणार नाही, अशी शपथ आम्हाला घ्यायला लावूनच तिनं खोली दिली होती. नाकाला पदर लावून ती दारात उभी.

"का रं, माज्या घरात मासं?"

"औषध आहे मावशी, हिच्या उदासीवर!"

"औषीद आसंल, पन वास माशाचाच हाय न्हवं?"

फरशी पुसणाऱ्या बायकोनं बोटं हुंगली आणि चक्क हसली. "अहो, इथे माशाचं तेल मिळतं, मग मासा का नाही मिळत?"

"आपण शपथ घेतलीय ना!"

"मी पाळली. तुमच्या शर्टाला मात्र दर रविवारी तळलेल्या सुरमईचा वास येतो."

दर रविवारी मी 'कामानिमित्त' पुण्याला जात असे. काम खाणावळीत असे. निदान करताना एवढा बारीक तपशील नजरेतून सुटला होता.

मालकिणीनं मला आपादमस्तक न्याहाळलं. "आन् ही पोर हितं एकलीच? मला वाटलं, शिष्ट हाय, बोलत न्हाई. ऐतवारी हिलाबी ने. येताना आंगुळ करूनच उंबरा वलांडायचा. आन् तू गं, दुपारची माज्याकडं येत जा."

दिवाळीला मेहुणा आला, बहिणीची बडबड ऐकून दमला आणि एकटाच परत गेला. गुण तेलाचा, सुरमईचा की मालकिणीच्या गप्पांचा, देव जाणे. कारखान्यात मी तेलाचंच नाव सांगितलं.

यीस्टच्या उरलेल्या गोळ्या बायको मला रोज देऊ लागली. म्हणाली, "खोटं बोलण्यावरही चालत असतील."