शुक्रवारच्या पत्रकातली एक ओळ

शाळेत तिला सगळे पत्रकबाई म्हणत. हुद्दा कारकुनाचा, पण एकवीस वर्षं दर शुक्रवारी पालकांना जाणारं पत्रक तीच लिहीत आली होती. वरच्या भागात येणारे कार्यक्रम, खालच्या भागात तब्येतीच्या सूचना. पालकसभा कधी, चित्रकला स्पर्धा कधी. आणि खाली, ताप असेल तर मुलाला घरी ठेवा, केसांत उवा आहेत का बघा, गार हवेत कान झाका. पालकांनी सही करून तोच कागद सोमवारी परत पाठवायचा. सह्या बिनचूक यायच्या, वाचायचं मात्र कुणी नाही. "उद्या शाळा आहे का हो?" असं कुणी फाटकाशी विचारलं की ती अशी डाफरायची, की विचारणारा चार पावलं मागं सरकायचा. "मग मी काय भिंतींसाठी लिहिते? डोळे घरी ठेवून आलात का?"

वाचणारी एकच होती, पहिलीतल्या मुंगीची आई. कोपऱ्यावरच्या खोलीत शिवणकाम करायची, म्हणून तिला सगळे शिवणवाली म्हणत. मुंगी म्हणजे हातापायाच्या काड्या आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. तिला मूत्रपिंडाचं दुखणं होतं, आणि ज्या गोळ्यांवर ते आटोक्यात होतं त्या गोळ्यांनीच तिची प्रतिकारशक्ती पार मारून टाकली होती. डॉक्टरांनी आईला स्पष्ट सांगितलं होतं, कांजिण्यांची साथ असेल तिथं हिला फिरकू देऊ नका, हिला त्या झेपायच्या नाहीत. म्हणून शिवणवाली पत्रक ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचायची. साथीची ओळ दिसली की मुंगी घरी. मागच्या वर्षी बालवर्गात असताना असं दोन वेळा झालं आणि पोरगी वाचली.

"बाई, तुमच्या कागदाच्या भरवशावर आहे मी," ती म्हणायची.

"बरं बरं, मागे रांग आहे," पत्रकबाई खेकसायची. पण त्या दिवशी घरी जाताना ती स्वतःवर जाम खूश असायची.

त्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या आदल्या आठवड्यात पहिलीतल्या चार मुलांना कांजिण्या आल्या. पत्रकबाईनं नेहमीसारखी ओळ टाइप केली आणि कागद मुख्याध्यापिकेपुढे ठेवला. मुख्याध्यापिकेनं पेन उचललं आणि ती ओळ सरळ खोडली.

"कार्यक्रम होऊ दे, मग घाला. पाहुणे येणार आणि निम्मी पहिली गायब? हसं होईल आपलं."

"पण मॅडम, ती मुंगी..."

"एका मुलीपायी तीनशे मुलांचा विरस करू? उगाच बाऊ करू नका. आणि हो, तुमच्या मुदतवाढीचा कागद माझ्याकडेच आलाय."

दोन महिन्यांत पत्रकबाई निवृत्त होणार होती. घरी सून होती, आणि सुनेच्या स्वयंपाकघरात दिवसभर भाज्या निवडत बसायची कल्पनाच तिला सोसत नव्हती. इथं कचेरीच्या खिडकीमागं ती कुणीतरी होती. एक वर्ष, फक्त एकच वर्ष आणखी हवं होतं तिला. ओळ गेली. शिवणवालीला तोंडी सांगू की, असं तिनं मनाशी ठरवलं, आणि ठरवल्यावर तिला हायसं वाटलं. माणसाला बेमालूम फसवावं तर ते स्वतःच्याच मनानं!

सोमवारी शिवणवाली सही केलेला कागद घेऊन खिडकीशी आली. खांद्यावर पहिलीच्या सगळ्या मुलींचे शिवून झालेले फुलपाखरांचे पंख. नेमकी मुख्याध्यापिका दारात उभी.

"बाई, साथबीथ काही नाही ना? पत्रकात तर दिसलं नाही."

पत्रकबाईनं दाराकडं पाहिलं. मग कागदावर शिक्का मारला.

"पत्रकात नाही ना? मग कशाला विचारता?"

शिवणवालीचा जीव भांड्यात पडला. "चला! महिनाभर नाचतीय कार्टी, मी फुलपाखरू, मी फुलपाखरू. आता मिरवेल."

मिरवली. दुसऱ्या रांगेत, गुलाबी पंख लावून, मान खाजवणाऱ्या एका मुलीचा हात धरून नाचली. पत्रकबाईनं विंगेतून ते पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. काही होत नाही, ती मनात म्हणाली. तेराव्या दिवशी मुंगीला ताप आला, मग अंगभर फोड, मग ते छातीत उतरलं. आठवड्याच्या आत पोर गेली.

"चौकशी झाली तर?" मुख्याध्यापिका म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता, पण डोकं जागेवर होतं. "सह्यांचा गठ्ठा रद्दीत टाका. फाइलला ओळ असलेली प्रत लावा." बाकीचे पालक काय बोलणार? त्यांनी ते पत्रक वाचलंच कुठं होतं? पत्रकबाईनं गठ्ठा स्वतःच्या हातानं फाडला, नवी प्रत काढली, जुनी तारीख घातली. एकही चूक झाली नाही. दुसऱ्याच दिवशी मुदतवाढ मंजूर झाली.

त्यानंतर आठेक दिवसांनी शिवणवाली आली. ब्लाउजची बटणं वरखाली लागलेली, केसांना फणी नाही.

"एकदा ते पत्रक दाखवता? सासूबाई म्हणतात, तू नीट वाचलं नसशील, पोर घालवलीस. हे तर माझ्याशी बोलतच नाहीत. मी म्हणते, नव्हती हो ओळ. बघू द्या, म्हणजे त्यांना सांगता येईल."

पत्रकबाईनं फाइल काढली. शिवणवालीचं बोट कागदावरून हळूहळू खाली सरकत गेलं. कार्यक्रमाची वेळ, पोशाख, डबा, पाण्याची बाटली. मग बोट थांबलं.

"ही होती?"

अजूनही सांगता आलं असतं. खोलीत दोघींशिवाय कुणी नव्हतं.

"होती," पत्रकबाई म्हणाली.

"मी दोनदा वाचलं होतं."

"तेव्हा पंखांची घाई होती ना तुमची. घाईत निसटतं एखाद्याच्या नजरेतून."

शिवणवालीनं ती ओळ पुन्हा वाचली, मग आणखी एकदा. मान हलवली. "हो. सतरा जोड शिवायचे होते. त्यातच लक्ष होतं माझं. सासूबाई बरोबर म्हणतात." फाइल तिनं दोन्ही हातांनी नीट मिटून परत दिली. "माफ करा हं बाई. मी तुमच्यावर संशय घेतला."

"असू दे," पत्रकबाई म्हणाली. "होतं असं."