वाकलेल्या काडीचा मोनो

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, सकाळी तर्री-पोहे खाताना ज्यांच्याशी जगातल्या सगळ्या विषयांवर भांडतो त्या मित्रांना तर मुळीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. जे ओळखतात ते मला फार मोठा समजतात, आणि त्या समजुतीचाच मला आताशा वीट येतो.

मी कोण ते आधी सांगतो. नागपुरात महाल भागात आमचं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. गाडीच्या डिकीवर, बोनेटवर तिच्या नावाची चकचकीत धातूची अक्षरं असतात ना — आमच्या धंद्यात त्याला मोनो म्हणतात — त्यांचे खोकेच्या खोके वडिलांनी माळ्यावर रचून ठेवले होते. इतर पोरं गोट्या खेळायची, मी मोनो खेळायचो. त्यामुळे कुठल्या गाडीवर कुठला मोनो, अक्षर तिरपं की सरळ, कारखान्यातून लागून आलेला की नंतर बाजारातून आणून ठोकलेला, हे मला एका नजरेत कळतं. थंडीत आपल्याकडे जुन्या गाड्यांची रॅली निघते. तिच्या आधी एका मैदानावर सगळ्या गाड्या तपासतात, आणि मोनोच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा असतो. मी भिंग घेऊन फिरतो. फिरतो कसला, मिरवतो.

अशाच एका तपासणीला मेश्राम आले होते. सात-आठ वर्षं झाली असतील. खापरखेड्याच्या वीज केंद्रात इंजिनियर, राहायला नंदनवन वस्तीत. पांढरी स्वच्छ गाडी, मागच्या सीटवर त्यांची म्हातारी आई, आणि गाडीवर झेंडूचा हार. गाडी त्यांच्या वडिलांची. वडील सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते, वारले त्याला वर्ष होत आलं होतं. रॅलीत वडिलांची गाडी एकदा शहरातून फिरावी आणि आईनं तिच्यात बसावं, एवढीच मेश्रामांची इच्छा होती.

आता गाडीचं सांगतो. आपली जुनी पद्मिनी तुम्हाला आठवत असेल. तिचं नाव पद्मिनी होण्याआधी थोडा काळ त्याच गाडीला प्रेसिडेंट म्हणत. मेश्रामांची गाडी सगळ्या अंगानं पद्मिनी होती — आतलं सामान, पुढची जाळी, सगळं नंतरचं. डिकीवर मात्र तिरप्या अक्षरांत प्रेसिडेंट. म्हणजे नाव एका गाडीचं आणि अंग दुसऱ्या गाडीचं.

यातून दोन गोष्टी निघू शकतात. एक, कुणीतरी नंतर जुना मोनो आणून लावला. दुसरी, नाव बदललं त्या दिवसांत उरलेले जुने मोनो कारखान्यानं संपवून टाकले आणि त्यातली एखादी गाडी नागपूरला आली. दुसरी गोष्ट मला ठाऊक नव्हती, असं मी पुढे पुष्कळदा स्वतःला सांगितलं. मला ती ठाऊक होती. वडिलांनी दुकानात असल्या गाड्यांचं वर्णन कितीदा तरी केलं होतं.

मी मेश्रामांना विचारलं, गाडी कुणाकडून घेतली? ते म्हणाले, "कोणाकडून नाही भाऊ, नवीच घेतली होती. शोरूममधून आणली तेव्हा मी बाबांच्या सोबत होतो ना. मले चांगलं आठवते."

आणि मी म्हणालो, "नवी कोरी? तुमच्याकडे?"

हा शब्द जसाच्या तसा लिहितोय. "तुमच्याकडे?" आजूबाजूला आठ-दहा जण होते. एकदोघं हसले. मीही हसलो असेन. मेश्राम हसले नाहीत. त्या शब्दाचा अर्थ त्यांना कळला, मला कळला, हसणाऱ्यांना कळला. तुम्हाला वेगळं सांगायला हवं का? त्यांच्या घरातून छप्पनच्या धम्मदीक्षेला लोक गेले होते, आडनावावरून मी ते ताडलं होतं, आणि माझ्या डोक्यात सगळा हिशेब तिथेच होऊन गेला होता — यांच्याकडे त्या काळात नवी गाडी कुठून येणार? सेकंडहँड उचलली असेल, शान मारायला नाव चिकटवलं असेल. त्या काळात नव्या गाडीसाठी नंबर लावून थांबावं लागे आणि डॉक्टरांचा नंबर लवकर लागायचा, हेही मला ठाऊक होतं. पण ते आठवायची गरजच वाटली नाही. मी भिंग फिरवलं, जिभेनं 'चक्' केलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "हा नंतर लावलेला आहे."

आई गाडीत बसून ऐकत होत्या. त्यांनी काच आणखी खाली केली. "काय म्हणून राहिले रे हे, मिलिंद? डॉक्टर साहेब खोटं बोलत होते काय?" मेश्राम म्हणाले, "तसं नाही वं आई." "मंग त्यायनं आपल्याले खोटं काहून सांगितलं असन?"

या प्रश्नाचं उत्तर त्या मैदानावर फक्त माझ्याकडे होतं. मी पुढच्या गाडीकडे गेलो.

खोटा मोनो असलेली गाडी रॅलीत घेत नाहीत, नियमच आहे. मेश्रामांना मी वर उदारपणा दाखवला. म्हणालो, माझ्याकडे पद्मिनीचा खरा मोनो आहे, रविवारी घरी येऊन मी स्वतः बसवून देतो. त्यांनी माझे आभार मानले. हो, आभार.

रविवारी मी नंदनवनात त्यांच्या घरी गेलो. मोनो काढताना मेश्राम बाजूला उभे होते. शेवटच्या 'टी'ची आडवी काडी थोडी वर वाकलेली होती. ते सांगत होते, लहानपणी संक्रांतीच्या आधी मांजा सुतायला, म्हणजे दोऱ्याला काचेची लुगदी फासायला, मी त्याचं एक टोक या काडीला बांधलं आणि दुसरं फाटकाला, ओढून ओढून काडी वाकली. बाबा रागावले नाहीत. दर रविवारी गाडी पुसताना त्या काडीवर अंगठा फिरवायचे आणि माझ्याकडे बघून हसायचे. आई आत चहा करत होत्या. कप माझ्यासमोर ठेवला तेव्हा मी म्हणालो, "मला पित्त आहे, चहा चालत नाही."

मला पित्त नव्हतं. आजही नाही. त्याच दिवशी दुकानावर परत आल्या आल्या मी टपरीवरून दोन चहा मागवून प्यालो. घरी आम्ही स्वतःला सुधारलेले म्हणवतो, बरं का. माझ्या बोलण्यात तुम्हाला जातीचं नाव सापडायचं नाही. पण तो कप मी उचलला नाही, आणि कुणी विचारलंही नव्हतं तरी हात छातीवर ठेवून जळजळ होत असल्यासारखा चेहरा केला. आईंनी कप उचलून आत नेला.

मोनो निघाला. भोकं मी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवली, घासून सपाट केली, वर रंगाचा हात दिला आणि पद्मिनीचा मोनो बसवला. बाजारू माल आहे, ठेवून काय करता, मी टाकून देतो — असं म्हणून जुना खिशात घातला. त्या वर्षी ती गाडी रॅलीत धावली. मेश्रामांनी हात हलवला, आई समोर बघत बसल्या होत्या.

पुढच्या वर्षी बापूसाहेबांची गाडी निघाली. बापूसाहेब म्हणजे जुने नावाजलेले वकील, आमच्या वडिलांच्या बैठकीतले. आपल्यातले. पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली बरीच वर्षं पडलेली गाडी त्यांच्या मुलानं बाहेर काढली आणि मला बोलावलं. मी बघतो तर काय, सगळी पद्मिनी आणि डिकीवर प्रेसिडेंट. मधली अक्षरं तुटून गेली होती, दोन्ही टोकं शिल्लक होती. कुणाकडून घेतली, नवी होती का, असं काहीही मी विचारलं नाही. एकदम बोललो, "वा! ही तर कारखान्यातून अशीच आलेली! फार दुर्मीळ!" बापूसाहेबांच्या मुलानं मला मिठी मारली.

तेव्हा मला कळलं की मेश्राम खरं बोलत होते.

नाही. हे लिहिलं आणि माझीच मला शिसारी आली. बघा, कबूल करायला बसलोय आणि इथेसुद्धा तुमच्याशी खोटं बोलतोय. तेव्हा नाही कळलं. आधीच कळलं होतं. नंदनवनात, त्या रविवारी, मोनो डिकीवरून सुटून माझ्या तळहातावर पडला तेव्हाच. त्याचं वजन, मागच्या खिळ्यांची ओतीव ठेवण, खालच्या पत्र्यावरचा कारखान्याचा मूळ रंग — त्या मोनोखाली दुसरं कुठलंही भोक नव्हतं, कधी दुसरं नाव तिथे लागलेलंच नव्हतं. बाजारू आणि असली यांतला फरक मला डोळे मिटूनही कळतो. मेश्राम शेजारी मांज्याची गोष्ट सांगत होते, आणि मला पुरतं ठाऊक होतं की हा माणूस खरा, त्याचे वडील खरे आणि हातातला हा तुकडा खरा. परत लावायला पाच मिनिटं लागली असती. चुकलो म्हणायला तेवढीही नाही. पण मग मैदानावरच्या त्या आठ-दहा जणांना काय सांगायचं? आणि खरं सांगू, त्याहून वाईट म्हणजे, मला तो मोनो हवासा वाटला. लांबी मी त्यानंतर भरली. सगळं कळल्यावर, शांत हातानं, नीट घासून.

नाहीतर टाकून देतो म्हणून आणलेली वस्तू मी फडक्यात गुंडाळून दुकानाच्या कपाटात का ठेवली असती?

आता पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. बापूसाहेबांच्या गाडीचा मोनो तुटका होता आणि माझ्या कपाटात अख्खा होता. मी तो लावला. वाकलेली काडी सरळ करायचा प्रयत्न केला, पण ती तुटेल असं वाटलं म्हणून सोडून दिली. रॅलीत त्या गाडीला मूळ रूप जपल्याबद्दल पहिला नंबर मिळाला. फेटा बापूसाहेबांच्या मुलाला बांधला आणि शाल मला दिली.

बक्षिसाच्या गर्दीत मेश्राम आईंना हाताला धरून त्या गाडीपाशी आले. गाडी पुढून बघितली, आत डोकावले, मग मागे गेले. मी शाल पांघरून तिथेच उभा होतो. त्यांनी डिकीवरचं नाव वाचलं, आणि त्यांचा अंगठा आपसूक त्या शेवटच्या काडीवर गेला. तिथेच थांबला. मग ते माझ्याकडे वळले. "भाऊ, हा तर…"

मी त्यांना पुरतं बोलू दिलं नाही. "मेश्राम साहेब, जुन्या मोनोंचं असंच असतं. ही काडी सगळ्यांचीच वाकते," असं म्हणालो. अगदी सहज, जाणकाराच्या आवाजात. लोकांनी मान डोलावली. मी सांगतो ते खरंच असतं ना.

मेश्रामांनी काडीवरून अंगठा उचलला. आई मात्र पुढे झाल्या. लुगड्याचा पदर घेऊन त्यांनी ती अक्षरं पहिल्यापासून शेवटपर्यंत पुसली, घरची वस्तू पुसावी तशी. मग माझ्याकडे बघितलं. आवाज न चढवता, चारचौघांत एखाद्या ओळखीच्या माणसाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "पित्त कसं आहे जी तुमचं? बरं झालं काय?"

मी म्हणालो, "हो. बरं आहे."

मग मुलाचा हात धरून त्या निघून गेल्या. त्यानंतर मेश्रामांची गाडी तपासणीला कधी आली नाही. त्यांनी कुणाकडे माझी तक्रारही केली नाही, केली असती तर माझ्या कानावर आली असती. गाडी अजून त्यांच्या दारात उभी असते, असं तिकडचं एक गिऱ्हाईक सांगत होतं. मी फासलेली लांबी तिच्या डिकीत आहे, आणि तिच्यावर मी दिलेला मोनो.

दर थंडीत बापूसाहेबांचा मुलगा मला मोनो चकचकीत करायला बोलावतो. त्याला वाटतं, दुसऱ्या कुणाचा हात लागला तर खराब होईल. मी जातो. पॉलिश लावतो, फडकं फिरवतो, काडीपाशी आलो की तीही पुसतो. मग त्यांच्याकडे आल्याचा चहा होतो, आणि तो मी पितो.

महालातून नंदनवन फार लांब नाही. मी गेलेलो नाही.