डोंगरातल्या गावाचा रस्ता

साठ सालच्या आसपास मी स्टुटगार्टला शिकत होतो. आमच्या चढाच्या गल्लीतला सायकलवाला फारसा बोलत नसे. चाक फिरवून त्याला कान लावायचा आणि ‘गेनाऊ’, म्हणजे ‘बरोबर’, म्हणत मान हलवायचा. सुट्टीत मी सायकलवरून ग्रीसचं क्रीट बेट फिरणार आहे म्हटल्यावर त्याचे हात थांबले.

“तिथला किनाऱ्यावरून डोंगरात जाणारा रस्ता मला पाठ आहे,” तो म्हणाला. “युद्धात बेट आमच्या जर्मन सैन्याच्या ताब्यात होतं, तेव्हा मी सायकलवरून हुकूम पोचवायचो. एकदा वरच्या गावातल्या आमच्या तुकडीला पाकीट दिलं. तिथल्या एका बाईनं मला पाणी पाजलं. उतरताना मागं वळून पाहिलं, तर धूर.”

“पाकिटात काय होतं?”

“गाव जाळायचा हुकूम.”

त्यानं माझ्या सायकलचे ब्रेक आवळून दिले.

“तिथं कुणी विचारलं,” तो म्हणाला, “तर जर्मनीहून आलो म्हणून सांगू नका.”